शिवी एकाला, उत्तर कोणाचं?

नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अलिबागसारखी इस्रायल आळी नाही, पुण्यासारखं ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग नाही. त्यामुळे ज्यूंच्या द्वेषाचा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा नव्हेच, असं इथल्या कोणालाही वाटेल. इतिहास मात्र वेगळं सांगतो. सप्टेंबर 1939 मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारने इथल्या जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून धरून नगरच्या छावणीत आणलं. धरपकड करताना पासपोर्ट पाहिला गेला, माणूस पाहिला गेला नाही. परिणामी हिटलरचे कट्टर अनुयायी आणि त्याच हिटलरच्या भीतीने घरदार सोडून मुंबईला आलेले ज्यू निर्वासित एकाच काटेरी कुंपणाआड आले. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत अडकलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर यालाही नगरलाच ठेवलं होतं. पुढे तो देवळालीमार्गे डेहराडूनच्या छावणीत गेला, तिथून निसटून तिबेटात पोहोचला आणि तिथल्या सात वर्षांवर पुस्तक लिहून जगभर गाजला. तो नाझींच्या एसएस संघटनेचा सदस्य होता, हे 1997 मध्ये उघड झालं.

या छावणीतल्या ज्यूंची बाजू मांडायला मुंबईत 1934 पासून काम करणारी ज्यू रिलीफ असोसिएशन होती. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली आणि अनेक निर्वासित सुटले. 1940 मध्ये युरोपात जर्मनीची सरशी झाल्यावर संशयाचं वारं पुन्हा सुटलं. काहींना परत ताब्यात घेतलं, काही कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्याला नजरेखाली ठेवलं. मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच यादीत घालणारी ही कारभाराची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. आज एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी कोणाच्या धर्मावर घाण ओततो आणि अॅडमिन लिहितो, ‘दोघांनीही वाद थांबवा’, तेव्हा नेमकं तेच घडत असतं.

या लेखाचा विषय ऑनलाइन ज्यूद्वेष आणि त्यापासून सुरक्षित राहण्याच्या वाटा हा आहे. प्रश्न केवळ मूठभर लोकांचा म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांची संख्या मूठभर असते, त्यांना पडद्यावरून होणारा मारा एकट्याने सोसावा लागतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ज्याच्यावर हल्ला झाला, त्याने स्वतःला सांभाळावं आणि पुरावा जपावा. हल्लेखोराला उत्तर देण्याचं काम भोवतालच्यांचं आहे, आणि महाराष्ट्रात नेमकं तेच काम आपण करत नाही.

का करत नाही, याचं कारण आपल्या एका रास्त अभिमानात दडलेलं आहे. बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, राजपूरकर, अष्टमकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावं आहेत. नवस फेडताना ते एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचं ताट मांडतात. मुंबईत 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, पनवेलला 1849 मध्ये आणखी एक उभं राहिलं. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, कवी निस्सीम इझिकेल, चित्रपटांतले डेव्हिड ही सगळी याच समाजाची माणसं. या भूमीवर त्यांचा छळ झाला नाही, हे खरं आहे, आणि इस्रायलला गेलेले मराठी ज्यूही ते आवर्जून सांगतात. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

अडचण अशी की, ‘आपल्याकडे असलं काही नव्हतंच’ हे वाक्य ‘आपल्याकडे असलं काही नाहीच’ असं कधी होतं, ते कळत नाही. कॉलेजातला एखादा मुलगा घरी येऊन सांगतो की ऑनलाइन गेम खेळताना समोरच्याने नाव ऐकून हिटलरच्या नावाने घोषणा दिली. घरातले वडीलधारे त्याला गप्प बसवतात. इतकी शतकं सुखाने राहिलो, आता बभ्रा कशाला? बाहेरचे म्हणतात, अहो मजा केली असेल कोणीतरी. दोन्हीकडून त्या मुलाचं तोंड बंद होतं.

हा द्वेष इथल्या मातीतला नाही, हे मात्र नीट समजून घेण्याजोगं आहे. इथल्या कोणत्याही जुन्या भांडणातून, जमिनीच्या वादातून किंवा पाणवठ्याच्या तंट्यातून तो आलेला नाही. तो तयार मालासारखा बाहेरून आला. ‘ज्यू वडीलधाऱ्यांचा जग जिंकण्याचा कट’ म्हणून जो दस्तऐवज शंभर वर्षं फिरतो आहे, तो 1903 मध्ये रशियात पहिल्यांदा छापला गेला. तो बनावट असून आधीच्या एका राजकीय पुस्तकावरून उचललेला आहे, हे लंडनच्या टाइम्सने ऑगस्ट 1921 मध्येच उघड केलं. तरी तोच कट आज मराठीत, कोणत्याही नावाशिवाय, सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांमागोमाग येतो: जगातल्या बँका कोण चालवतं, औषध कंपन्या कोणाच्या, साथी कोण पसरवतं. पाठवणाऱ्या काकांनी आयुष्यात एकही ज्यू पाहिलेला नसतो. त्यांना कोणाचा द्वेष करायचाही नसतो, काहीतरी गुपित कळल्याचा आनंद वाटायचा असतो. याच वाटेने विष सगळ्यात लांब जातं.

दुसरी वाट हिटलरच्या कौतुकाची. पुस्तकांच्या प्रदर्शनात त्याचं आत्मचरित्र मराठीतून व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. शिस्त, देशप्रेम, कणखरपणा एवढंच त्याच्याकडून घ्यायचं, असं मुलांना सांगितलं जातं. 2006 मध्ये नवी मुंबईत ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं उपाहारगृह निघालं. ज्यू समाजाने आवाज उठवल्यावर मालकाने नाव बदललं. नागपुरात एका पूल पार्लरला हिटलरचं नाव दिलं गेलं, त्यावर इस्रायली दूतावासाला निषेध नोंदवावा लागला. या दुकानदारांनी ज्यूंना दुखवायचं ठरवून नाव दिलं असेल, असं मी म्हणणार नाही. साठ लाख माणसं मारणाऱ्याचं नाव आपल्याकडे पाटीवर लावण्याइतकं हलकं झालं आहे, एवढंच त्यातून दिसतं. असं नाव पाटीवर चालतं तेव्हा ते कॉमेंटमध्येही चालतं.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलवर केलेला हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला संहार यांनी सगळंच तापलं. इथे विचार स्पष्ट ठेवावा लागतो. इस्रायल सरकारच्या धोरणांवर, लष्कराच्या कृतींवर, वसाहतींवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. ती टीका खुद्द इस्रायलमध्ये कडाक्याने होते. मात्र ठाण्यात जन्मलेल्या, ठाण्यातच नोकरी करणाऱ्या माणसाला ‘तुम्ही लोकांनी गाझात काय केलं’ असा जाब विचारला, की टीका सरकारवरची राहत नाही, ती रक्तावरची होते. जगात या सीमारेषेवर मोठा वाद आहे. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण संस्थेने 2016 मध्ये स्वीकारलेली व्याख्या अनेक सरकारांनी मानली. ती इस्रायलवरच्या टीकेची गळचेपी करते, असं म्हणत काही अभ्यासकांनी 2021 मध्ये जेरुसलेम जाहीरनामा काढला. रोजच्या वापरासाठी माझी कसोटी साधी आहे. वाक्यातला ‘ज्यू’ शब्द काढून तिथे इस्रायल सरकारातल्या एखाद्या मंत्र्याचं नाव घाला. वाक्य तरीही अर्थपूर्ण राहिलं तर ती टीका. राहिलं नाही तर ती शिवी.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. आपल्याकडे इस्रायलचं अफाट कौतुक करणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ज्यूंविषयी काडीचंही प्रेम नसतं. मुसलमानांना हिणवायला एक काठी हवी असते, ती त्यांनी इस्रायलच्या नावात शोधलेली असते. मराठी ज्यूंना या भांडणात फरफटत नेलं जातं आणि मग दोन्ही बाजूंचा चिखल त्यांच्या अंगावर उडतो. प्रत्यक्षातलं जगणं वेगळं आहे. भायखळ्याच्या सर जेकब सॅसून शाळेत आज बहुसंख्य मुलं मुसलमान घरांतली आहेत. ज्यू देणगीदाराच्या नावाच्या शाळेत शिकलेली पिढ्यान्पिढ्यांची मुंबईकर मुसलमान मुलं कोणत्याही फॉरवर्डमध्ये सापडत नाहीत.

पडद्यावरच्या शब्दांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना दूर जायची गरज नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जणांचे जीव गेले. त्यांचं दोन वर्षांचं मूल सँड्रा सॅम्युएल या दाईने बाहेर काढलं. जुलै 2023 मध्ये पुण्यात पकडलेल्या दहशतवादाच्या संशयितांकडे याच नरिमन हाऊसची, म्हणजे छबाड हाऊसची, छायाचित्रं सापडली आणि तिथला बंदोबस्त वाढवावा लागला. डिसेंबर 2023 मध्ये ठाण्याच्या सिनेगॉगला बॉम्बची धमकी देणारा ईमेल आला. पोलिसांनी कसून झडती घेतली, काही सापडलं नाही. पण दर शनिवारी तिथे प्रार्थनेला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ‘काही सापडलं नाही’ एवढ्याने झोप लागत नसते. बाहेरच्या जगात पिट्सबर्गला 2018 मध्ये अकरा ज्यूंना मारणाऱ्याने हल्ल्याआधी समाजमाध्यमावर तशी घोषणा केली होती. जर्मनीतल्या हाले शहरात 2019 मध्ये सिनेगॉगवर चालून गेलेल्याने तो हल्ला थेट प्रक्षेपित केला.

अहिल्यानगर जिल्ह्यालाही मोबाइल आणि हिंसा यांचं नातं नवं नाही. मे 2015 मध्ये शिर्डीत एका तरुण दलित विद्यार्थ्याला फोनवरच्या डॉ. आंबेडकरांविषयीच्या गाण्याच्या रिंगटोनवरून मारून टाकलं गेलं. ऑगस्ट 2023 मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात चोरीच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटं टांगून मारलं, आणि त्या अपमानाचं चित्रण राज्यभर फोनवरून फिरलं. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचे जीव घेतले. साताऱ्याच्या पुसेसावळीत सप्टेंबर 2023 मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल होऊन एकाचा बळी गेला. लक्ष्य बदलतं, यंत्र तेच असतं. ज्यूद्वेषाचा अभ्यास नगरच्या माणसाने याच कारणाने करावा: या यंत्राचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात नीट नोंदवलेले सुटे भाग तिथे पाहायला मिळतात.

आता प्रत्यक्ष बचावाकडे येऊ. समजा, ठाण्याची एक बेने इस्रायली मुलगी नोकरीसाठी नगरच्या एमआयडीसीत आली आहे. सावेडीत खोली घेऊन राहते. जवळचं सिनेगॉग पुण्याला, सुमारे एकशेवीस किलोमीटरवर. हनुक्का सणाच्या दिवसांत तिने खिडकीत लावलेल्या दिव्यांचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. रात्री दहाला पहिली कॉमेंट आली, शिवीची. अकरापर्यंत वीस झाल्या, त्यांत हिटलरने काम अर्धवट सोडल्याचं लिहिणारे तीन-चार. साडेअकराला एका अनोळखी खात्यावरून थेट मेसेज आला. त्यात शब्द नव्हते, तिच्या स्कूटीचा फोटो होता, नंबरप्लेटसकट.

शिवी आणि तो फोटो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो पहिल्या मिनिटाला ओळखता आला पाहिजे. शिवी किळसवाणी असते, तिची नोंद करता येते. स्कूटीचा फोटो म्हणजे ‘तू कुठे राहतेस ते मला माहीत आहे’ हे सांगणं. तिथे वाट पाहायची नसते. 112 ला फोन करायचा, घरमालकाला उठवायचं, इमारतीला वॉचमन असेल तर त्याला सांगायचं, कंपनीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला बोलवून घ्यायचं. आपण घाबरट ठरू, ही लाज बाळगू नये. ही लाज हल्लेखोराच्याच कामाची असते.

त्यानंतर पुरावा. माणूस पहिल्या धक्क्यात दोन गोष्टी करतो: मेसेज उडवतो किंवा समोरच्याला ब्लॉक करतो. दोन्ही नंतर करायच्या. ब्लॉक केल्यावर ते खातं, त्याचं नाव, त्याच्या जुन्या पोस्टी आपल्याला दिसेनाशा होऊ शकतात. आधी त्या खात्याच्या पानावर जाऊन तिथपासून कॉमेंटपर्यंत सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करावं, म्हणजे हा मजकूर याच खात्याचा आहे हे साखळीने दिसतं. खात्याची आणि पोस्टची लिंक वेगळी कॉपी करून ठेवावी, कारण खात्यावर दिसणारं नाव एका मिनिटात बदलता येतं. स्क्रीनशॉट कापून-छाटून ठेवू नये, तारीख आणि वेळ राहू द्यावी. व्हॉट्सअॅपवर असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर उघडून तोही टिपावा, गप्पा एक्स्पोर्ट कराव्यात आणि गायब होणारे मेसेज चालू असतील तर आधी ती सोय बंद करावी. हे सगळं स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवावं आणि मूळ फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. मैत्रिणीने तिच्या फोनवरून तीच पोस्ट पाहून टिपली तर साक्षीदारही मिळतो.

या काळजीमागे महाराष्ट्रातलाच एक खटला आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै 2020 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरण न्यायालयात आणलं जात नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. जुन्या पुरावा कायद्यातलं ते कलम 65-ब आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 झालं आहे. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला हे प्रमाणपत्र आठवेलच असं नाही. तेव्हा आपणच विचारावं.

पुरावा हाती आला, की मग त्या माध्यमाकडे तक्रार, मग ब्लॉक. माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या माध्यमांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रार पोहोचल्याची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. निकाल पटला नाही तर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. ही अपिलाची सोय 2023 पासून आहे, तिचा वापर करणारे मात्र माझ्या भोवती विरळाच दिसतात.

मग दारं-खिडक्या लावायच्या. दुहेरी पडताळणी चालू करावी. व्हॉट्सअॅपवर प्रोफाइलचा फोटो आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ही दोन्ही बटणं फक्त ओळखीच्यांपुरती ठेवावीत. खरी गळती बहुधा दुसरीकडे असते: नोकरीसाठी टाकलेला घरच्या पत्त्यासकटचा बायोडाटा, जुना सोफा विकताना दिलेला फोन नंबर, विवाह मंडळाच्या यादीतली माहिती, सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेली गाड्यांच्या नंबरांची यादी. आपलंच नाव आणि नंबर शोधयंत्रात टाकून पाहावं आणि जे निघेल ते काढायला सांगावं. घराच्या गच्चीवरून काढलेला फोटो त्याच दिवशी टाकू नये. मुलांच्या शाळेचा गणवेश दिसेल असे फोटो तर नकोतच.

यात जपायचा एक तोल आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली त्या मुलीला ‘दिवे लावलेस तर लाव, फोटो कशाला टाकायचा’ असं सांगणं मला मान्य नाही. फोटो टाकावा की नाही हे तिने ठरवायचं. तिला सल्ला देणाऱ्यांनी आधी त्या वीस कॉमेंटी लिहिणाऱ्यांपैकी आपल्या ओळखीचं कोण आहे ते पाहावं.

इथेच उत्तराचा प्रश्न येतो. हल्ला झालेल्याने हल्लेखोराशी वाद घालू नये, याबाबत या क्षेत्रात काम करणारे सगळे जण जवळपास एकमताचे आहेत. प्रत्येक उत्तराने ती पोस्ट आणखी लोकांपुढे जाते. समोरच्याला वादच हवा असतो, आणि चिडून लिहिलेलं एक वाक्य पुढे आपल्याविरुद्ध वापरलं जातं. पण गप्प राहायचा सल्ला सगळ्यांनीच पाळला, तर वाचणाऱ्या दोनशे जणांना वाटतं की ही गोष्ट इथे चालते. म्हणून बोलायचं ते तिसऱ्याने. ऑफिसच्या ग्रुपवर कट-कारस्थानाचा फॉरवर्ड आला, तर लांबलचक व्याख्यान नको. एकदाच, नावाने, शांतपणे लिहावं: ‘शिंदे साहेब, हा मजकूर ज्या कागदावर आधारलेला आहे तो बनावट असल्याचं 1921 पासून माहीत आहे. आपल्या ग्रुपवर एक ज्यू सहकारी आहे, नसती तरी हे चुकीचंच होतं. कृपया काढून टाका.’ एवढं लिहून थांबावं. हे उत्तर शिंदे साहेबांसाठी नसतंच, ते मूक वाचकांसाठी असतं. मग त्या मुलीला खासगीत विचारावं की तुला काय मदत हवी. ‘दुर्लक्ष कर’ म्हणू नये. दुर्लक्ष करण्याची सोय ज्याच्यावर हल्ला झालेला नाही त्याच्याकडेच असते.

अॅडमिनची जबाबदारी किती, हाही नेहमीचा वाद. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, अॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. निकाल योग्यच आहे. पण तुरुंगात जावं लागत नाही म्हणून हात झटकावेत असं काही न्यायालयाने सांगितलेलं नाही. मेसेज काढण्याचं बटण अॅडमिनच्या हातात असतं.

मदतीचा एक साधा प्रकार आपल्याकडे फारसा वापरला जात नाही. आठवडाभर त्या मुलीचं खातं एखाद्या विश्वासू मैत्रिणीने सांभाळावं, मेसेज तिने वाचावेत, नोंदवण्याजोगे नोंदवावेत. रोज रात्री तीच घाण पुन्हा वाचल्याने माणूस आतून खचतो, झोप जाते, कामावरून लक्ष उडतं. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

राहिला कायदा. भारतीय न्याय संहितेत धर्म, वंश, जात यांवरून समाजांत वैर पसरवण्याबद्दल कलम 196 आहे, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा. धार्मिक भावनांचा हेतुपुरस्सर अपमान करण्याबद्दल 299, धमकीबद्दल 351, आणि त्यातच ओळख लपवून दिलेल्या धमकीला जादा शिक्षा. बनावट खातं काढून कोणाच्या नावाने लिहिलं तर माहिती-तंत्रज्ञान कायदा लागतो. कागदावर हत्यारं पुरेशी आहेत. नव्या हत्यारांची मागणी मी करणार नाही, कारण महाराष्ट्राने त्यांचा दुरुपयोगही पाहिला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात मार्च 2015 मध्ये माहिती-तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66-अ रद्द झालं. मार्च 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की शब्दांचं मोजमाप कणखर मनाच्या, समंजस माणसाच्या नजरेने करावं, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या नजरेने करू नये. ज्यूद्वेषाविरुद्ध लढणाऱ्यांनी हा निकाल आपला मानावा. आज नको असलेल्या टीकेवर वापरलेला कायदा उद्या आपल्याच माणसावर उलटतो.

पोलीस ठाण्यात मात्र वेगळंच घडतं. ‘ज्यू म्हणजे ख्रिश्चन का?’ इथपासून सुरुवात होते आणि अदखलपात्र म्हणून एनसी लिहून बोळवण केली जाते. म्हणून अर्ज लेखी असावा, त्यात तारीखवार घटना, लिंका आणि धमकीचा मजकूर जसाच्या तसा असावा, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली तर तिचा क्रमांक त्याच अर्जात लिहावा. ठाण्याने ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, हा क्रम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच दिला आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत ते अजूनही नाहीत. त्यामुळे राज्य अल्पसंख्याक आयोगाचं दार मराठी ज्यूंना उघडं आहे आणि ते ठोठावलं पाहिजे. गुन्ह्यांच्या राष्ट्रीय अहवालात ज्यूद्वेषाला वेगळा रकाना नाही, म्हणजे नोंदच झाली नाही तर ‘आपल्याकडे असलं काही नाही’ हे पुन्हा आकड्यांनी सिद्ध होत राहणार.

आणि हा अर्ज त्या मुलीनेच दिला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. 28 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की द्वेषपूर्ण भाषणाच्या प्रकरणी तक्रार आली नसली तरी पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा. सावेडीतल्या घरमालकाला, त्या ऑफिसच्या ग्रुपमधल्या सहकाऱ्याला, वीस कॉमेंटी वाचून पुढे गेलेल्या कॉलेजातल्या मुलाला तोफखाना पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात जाऊन स्वतःच्या सहीने खबर देता येते. तिच्या फोनमधला पुरावा त्या अर्जाला जोडता येतो, आणि साक्षीदारांच्या यादीत तिच्या नावाआधी आपलं नाव घालता येतं.